हॉटेलातलं ‘पाणी वाचवा, आज सफाई नको’ कार्ड : वापरून बघितल्यावरचा रिव्ह्यू

हा रिव्ह्यू एखाद्या हॉटेलचा नाहीये, आता जवळजवळ सगळीकडे मिळणाऱ्या एका सर्व्हिसचा आहे. उशीवर नाहीतर बेसिनजवळ एक हिरवं कार्ड ठेवलेलं असतं, त्यावर पान किंवा पाण्याचा थेंब, आणि खाली मजकूर असा की पाणी वाचवायला आम्हाला साथ द्या, हे कार्ड दाराला अडकवलंत तर आज आम्ही तुमची रूम साफ करणार नाही आणि टॉवेल-चादरी बदलणार नाही. काही ठिकाणी बदल्यात पॉइंट्स मिळतात, काही ठिकाणी कूपन, बऱ्याच ठिकाणी नुसतं थँक्यू. कामामुळे माझं हॉटेलात राहणं बरंच होतं आणि हे कार्ड मी भरपूर वापरलंय, मनापासून वापरलंय, कारण पाण्याचा विषय मला खरंच महत्त्वाचा वाटतो. माझं रेटिंग पाचपैकी दोन. तीन स्टार कशासाठी कापले ते जरा सविस्तर लिहिते कारण यात फक्त पाणी नाहीये, रूम साफ करणाऱ्या माणसांची रोजीरोटी पण आहे.

घोळ असा आहे की हे कार्ड दोन वेगळ्या गोष्टी एका गाठीत बांधतं. एक म्हणजे टॉवेल-चादरी रोज न बदलणं. दुसरी म्हणजे रूमच न उघडणं. पहिलीत पाणी वाचतं, दुसरीत हॉटेलचा पगारावरचा खर्च वाचतो. आणि कार्डावर दोन्हीला एकच नाव, पर्यावरण.

आधी पहिल्या गोष्टीबद्दल, कारण दोन स्टार त्याचे आहेत आणि ते मी मोकळ्या मनाने देतेय. हॉटेलच्या लाँड्रीतल्या जुन्या पद्धतीच्या मशीनला एक किलो कपड्यांना साधारण 25 ते 30 लिटर पाणी लागतं (मोठ्या लाँड्रीत टनेल वॉशर, म्हणजे तेच पाणी परत वापरणारं लांबलचक मशीन, असेल तर बरंच कमी). एका डबल रूमच्या चादरी, उशांचे अभ्रे, चार टॉवेल, पायपुसणं सगळं मिळून तीन-चार किलो सहज भरतं, म्हणजे एक रूम एकदा बदलली की 100 लिटरच्या आसपास पाणी गेलं, वर ते पाणी तापवायची वीज आणि साबण वेगळा. घरी आपण रोज चादर बदलत नाही, टॉवेल एकदा वापरून धुवायला टाकत नाही, मग हॉटेलात आल्यावर एकदम काय होतं? तेव्हा हे न बदलणं अगदी योग्यच आहे, आणि ते मागायला कार्ड कशाला पाहिजे, उलट रोज बदलून हवं असेल त्यानेच सांगावं अशी पद्धत असायला हवी.

कार्डावर काय लिहितात यानेही फरक पडतो बरं का. गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशियस या तिघा संशोधकांचा 2008 चा अभ्यास आहे, खऱ्या हॉटेलात केलेला. नुसतं ‘पर्यावरण वाचवा’ लिहिलं तर साधारण 37 टक्के लोकांनी टॉवेल परत वापरला, आणि ‘याच रूममध्ये राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी टॉवेल परत वापरला’ असं लिहिलं तर 49 टक्क्यांपर्यंत गेले. म्हणजे पाहुणे तयार असतात, त्यांना नीट विचारायचा अवकाश आहे. आणि तरीही मी राहिले त्यातल्या बऱ्याच ठिकाणी टॉवेल हुकवर नीट टांगून ठेवला तरी संध्याकाळी नवीन टॉवेल हजर! सुपरवायझरने सांगितलेलं असतं की सगळं बदला म्हणजे तक्रार येणार नाही. कार्ड एक सांगतं, आतली सूचना दुसरी असते. अर्धा स्टार खरं तर इथेच जायला हवा होता.

आता टॉवेल वाचवून होतं तरी किती ते बघा. एक अंघोळीचा टॉवेल अर्ध्या किलोच्या आसपास असतो, म्हणजे 12-15 लिटर. साधा जोरदार शॉवर मिनिटाला 9 लिटरच्या वर पाणी सोडतो. म्हणजे माझा वाचवलेला टॉवेल म्हणजे दीड मिनिटाचा शॉवर. नळाला एरेटरची (पाण्यात हवा मिसळणारी) छोटी जाळी बसवली आणि शॉवर कमी पाण्याचा लावला तर प्रत्येक पाहुण्यामागे रोज जे वाचतं ते पाहुण्याच्या चांगुलपणावर अवलंबून राहत नाही, आपोआप वाचतं. पण त्याला हॉटेलला खर्च करावा लागतो, कार्डाला छपाईशिवाय काही लागत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, ईपीएच्या हिशोबात हॉटेलच्या एकूण पाण्यात लाँड्रीचा वाटा साधारण 16 टक्के आहे, बाथरूम-टॉयलेटचा 30 टक्के, बागेचा पुन्हा 16, किचनचा 14, एसी-हीटिंगचा 12. बागेवर कार्ड मी अजून कुठे बघितलं नाही. एका ठिकाणी तर दाराला मी कार्ड अडकवून खाली आले तर भर दुपारच्या उन्हात लॉनवर स्प्रिंकलर चालू, अर्धं पाणी फरशीवर, तिथून गटारात. हे म्हणे पाणी वाचवणारं हॉटेल. 1986 मध्ये ‘जे वेस्टरव्हेल्ड’ नावाच्या पर्यावरणवाद्याने नेमकं या टॉवेलच्या कार्डावरच बोट ठेवलं होतं, की पाहुण्याला टॉवेल वाचवायला सांगायचं आणि आपला पसारा मात्र वाढवत राहायचा. त्याला आता किती वर्षं झाली, कार्ड तसंच आहे.

लास व्हेगासचं उदाहरण मला यात फार शिकवणारं वाटतं. अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं, वाळवंटातलं शहर, हजारो हॉटेल रूम, ऐकणाऱ्याला वाटेल तिथे शॉवरच बंद करायला हवेत. पण तिथे घरात आणि हॉटेलात, म्हणजे छपराखाली वापरलेलं जवळजवळ सगळं पाणी शुद्ध करून परत लेक मीड या कोलोरॅडो नदीवरच्या जलाशयात सोडतात. खरं पाणी जातं ते बाहेर, गवतावर, कारण ते उडून जातं, परत येत नाही. म्हणून 2021 मध्ये नेवाडा राज्याने कायदाच केला की नुसत्या शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचं पाणी 2026 नंतर द्यायचं नाही. म्हणजे पाणी कुठे जातंय ते आधी मोजायचं आणि मग जिथे जातंय तिथे हात घालायचा. आपल्या कार्डाने हे मोजायचं काम केलेलंच नसतं.

आता दुसरी गोष्ट, रूम न उघडणं, आणि तीन स्टार गेले ते इथेच.

रूम झाडून पुसून घ्यायला, कचरा काढायला, बेसिन आणि कमोड घासायला किती पाणी लागतं? काही लिटर. तेवढं वाचवण्यासाठी तीन-चार दिवस कुणीच आत येणार नाही अशी सोय करायची यात पाण्याचा फायदा काय ते मला कळलेलं नाही, तोटा मात्र मी डोळ्यांनी बघितलाय. एका हॉटेलात (नाव घेत नाही, मुद्दा नावाचा नाहीये) माझ्या रूममधला फ्लश गळत होता. मोठा आवाज नाही काही नाही, कमोडच्या मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक पट्टी सतत खाली येत होती, इतकी बारीक की लाइट लावून वाकून बघितलं तरच दिसावी, आणि टाकी दर थोड्या वेळाने आपोआप भरल्याचा सुस्कारा. असा सतत गळणारा फ्लश दिवसाला 750 लिटरपर्यंत पाणी घालवू शकतो, हा पण ईपीएचाच आकडा. म्हणजे 50 टॉवेल धुवायचं पाणी! रिसेप्शनला सांगितलं, ते म्हणाले मेंटेनन्सला एकच माणूस आहे आणि तो दोन बिल्डिंग बघतो, उद्या येईल. मी निघेपर्यंत तो काही आला नाही. दाराला कार्ड लावलेलं आणि आत फ्लश गळतोय. माझ्या आधीच्या पाहुण्यानेही कार्ड लावलं असेल तर ते पाणी किती दिवस जात होतं कुणास ठाऊक.

गळती शोधतं कोण? सेन्सर वगैरे फार थोड्या ठिकाणी असतात. गळती शोधते ती रोज बाथरूममध्ये वाकून कमोड घासणारी बाई. तिला फ्लशचा आवाज बदललेला कळतो, नळाखाली फरशी ओली दिसते, गरम पाणी यायला नेहमीपेक्षा वेळ लागतोय हे कळतं. हॉटेलमधलं सगळ्यात चांगलं पाण्याचं मीटर तीच आहे आणि आपण कार्ड लावून तिलाच बाहेर ठेवतो.

त्याच हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये एका हाऊसकीपिंगवाल्या ताईंशी बोलणं झालं. ट्रॉली भिंतीला लावून त्या लिननच्या (चादरी-टॉवेलच्या) पिशव्या बांधत होत्या, मी विचारलं की कार्ड लावल्याने तुमचं काम कमी होतं ना? त्या म्हणाल्या, “मॅडम, काम कमी नाही होत, दिवस कमी होतात. रूम कमी निघाल्या की फोन येतो, आज येऊ नका. आणि तुमची रूम चार दिवसांनी उघडली की आम्हाला टाइम तेवढाच देतात.” मग त्यांनी मला शेजारची चेकआऊट झालेली रूम दाखवली. शॉवरच्या काचेवर साबणाचा पांढरा थर सुकून घट्ट बसलेला, जाळीत केसांचा गोळा, डस्टबिन भरून कचरा खाली, ओले टॉवेल कार्पेटवर टाकलेले त्यामुळे कुबट वास. रोज पुसली असती तर ती काच एका फडक्यात झाली असती. आता तिला केमिकल मारायचं, थांबायचं, घासायचं, परत भरपूर पाण्याने धुवायचं आणि वाटलं नाही स्वच्छ तर पुन्हा. म्हणजे वाचवलेलं पाणी शेवटच्या दिवशी तिथेच परत खर्च झालं, वर त्या ताईंचे खांदे आणि कंबर गेली ते वेगळंच. गाद्या उचलणं, वाकून चादर खोचणं, याने या कामात अंगदुखी आणि दुखापती इतक्या होतात की कॅलिफोर्नियाने 2018 पासून खास हॉटेल हाऊसकीपिंगसाठी सुरक्षेचा नियम लागू केला, आणि स्पेनच्या बॅलेरिक बेटांनी 2022 च्या पर्यटन कायद्यात वर-खाली होणारे बेड आणायला लावले म्हणजे बायकांना इतकं वाकावं लागू नये. स्पेनमध्ये या कामातल्या बायकांनीच ‘लास केलीज’ नावाने संघटना उभी केली होती, त्या वर्षानुवर्षं हेच सांगत होत्या.

हे फक्त माझं एकटीचं निरीक्षण आहे असं समजू नका. स्टारवूड या मोठ्या हॉटेल कंपनीने 2009 च्या सुमारास ‘मेक अ ग्रीन चॉइस’ नावाची हीच योजना मोठ्या प्रमाणावर आणली होती, सफाई नको म्हणा आणि कूपन किंवा पॉइंट्स घ्या. पुढे 2016 मध्ये ती कंपनी मॅरियटने घेतली आणि 2018 मध्ये अमेरिकेतल्या आठ शहरांत मॅरियटच्या हॉटेलांतले 7,000 पेक्षा जास्त कामगार संपावर गेले. ‘एक नोकरी पुरायला हवी’ ही त्यांची घोषणा होती आणि पगाराबरोबर ही ग्रीन योजनाही त्यांच्या तक्रारींत होती, कारण तास कमी, पगार कमी, आणि उरलेल्या रूम जास्त घाण. पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या योजनेविरुद्ध सफाई कामगार उभे राहिले म्हणजे त्यांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही असं नाही ना होत, त्यांना हिशोब दिसला होता.

कोविडनंतर हे अजून वाढलं. 2020 या एका वर्षात जगभरात पर्यटनातल्या 6 कोटी 20 लाख नोकऱ्या गेल्या असा वर्ल्ड ट्रॅव्हल अँड टुरिझम कौन्सिलचा आकडा आहे. त्यातले कितीतरी लोक दुसऱ्या कामांना लागले आणि परत आलेच नाहीत, का येतील, कॉन्ट्रॅक्टवरची नोकरी, सीझन संपला की घरी, सुट्टीच्या दिवशी ड्युटी. मग हॉटेलांना माणसं मिळेनात आणि रोजची सफाई ‘मागितली तरच’ झाली. हिल्टनने 2021 मध्ये अमेरिकेत बहुतेक ब्रँडमध्ये तसं उघड जाहीर केलं. एकदा माणसं नाहीत म्हणून सांगितलं तर निदान खरं तरी आहे, मी समजून घेईन, पण माणसं नाहीत हे झाकायला पाण्याचा थेंब छापू नका. नेवाडात 2020 मध्ये रोज रूम साफ करायचा कायदा झाला, 2023 मध्ये तो काढला, आणि त्याच वर्षी हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनने लास व्हेगासच्या मोठ्या कंपन्यांशी केलेल्या करारात रोजच्या सफाईची अट मिळवली. म्हणजे ज्या शहराने गवत काढून पाणी वाचवायचं ठरवलं तिथेच कामगारांनी रोजची सफाई टिकवली, दोन्ही एकाच वेळी. या दोन गोष्टींचं भांडण नाहीच आहे मुळात.

मी पाण्याच्या टंचाईला हलकं समजत नाहीये हे सांगणं गरजेचं आहे. 2018 मध्ये केपटाऊनमध्ये माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा होती, हॉटेलांनी बाथटबची बुचं काढून ठेवली होती, दोन मिनिटांत अंघोळ आटपा असं पाहुण्यांना सांगत होते. त्याच वर्षी ऐन सीझनमध्ये शिमल्यात पाणीपुरवठा जवळपास निम्म्यावर आला, लोक टँकरसाठी रात्रीचे रांगेत, आणि तिथले रहिवासीच सोशल मीडियावर पर्यटकांना सांगत होते की कृपा करून येऊ नका. फिलिपिन्सचं बोराकाय बेट तर सांडपाणी समुद्रात सोडल्यामुळे त्याच साली सहा महिने पर्यटकांना पूर्ण बंद ठेवलं, आणि त्यात हजारो लोकांची कामं गेली. या सगळ्यात एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. हॉटेलात काम करणारी माणसं त्याच गावात राहतात. टंचाई आली की रूममधल्या शॉवरला टँकरचं पाणी येतं, आणि शिफ्ट संपवून घरी गेलेली बाई हंडे भरायला उभी राहते. रात्रभर पाणी भरून सकाळी सातला तिने ट्रॉली घेऊन हजर व्हायचं. पर्यटनात माणसं टिकत नाहीत म्हणून परिषदा घेतात, त्यात या हंड्याचा विषय निघतो का? स्टाफ क्वार्टर्सना पाण्याचं कनेक्शन किती तास असतं, हे एकदा विचारून बघा कुठल्याही मॅनेजरला.

एका हॉटेलात मात्र हीच सर्व्हिस इतकी नीट बघितली की ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. छोटंच हॉटेल. कार्डावर दोन वेगळ्या चौकटी होत्या, ‘टॉवेल-चादर बदलू नका’ आणि ‘आज आत येऊ नका’. पहिलीला हिरवा रंग आणि पाण्याबद्दल एक ओळ, दुसरीला कुठलाही रंग नाही, फक्त प्रायव्हसीसाठी असं लिहिलेलं. मी पहिली टिक केली. दुपारी रूम झाडलेली, बेसिन कोरडं पुसलेलं, माझा टॉवेल मी टांगला तसाच. संध्याकाळी हाऊसकीपिंगचे एक दादा दारावर टकटक करून आले, फ्लशच्या टाकीत रंगाची गोळी टाकायची होती. गोळी टाकली, फ्लश न ओढता थोडा वेळ थांबले, आणि खालच्या पाण्यात निळा रंग उतरतोय का ते बघितलं. उतरला की व्हॉल्व्ह गळतोय. त्यांच्याकडे रूम नंबर लिहिलेला कागद होता आणि प्रत्येक रूम ठरलेल्या दिवशी तपासतात म्हणाले. मी विचारलं, याचे वेगळे पैसे देतात का, तर म्हणाले की हे ड्युटीत धरलेलं आहे, त्या दिवशी रूम कमी देतात. एवढंच. वेळ दिला, बस. एका गोळीने जे काम होतं ते पाहुण्यांनी महिनाभर टॉवेल वाचवून होणार नाही. अशा सर्व्हिसला मी पाच देईन.

तुम्ही कुठे राहणार असाल तर कार्ड सरळ दाराला लावू नका. रिसेप्शनला सांगा की लिनन नको, पण रूम उघडा, कचरा काढा, बाथरूम बघा. बऱ्याच ठिकाणी सिस्टीममध्ये तशी नोंद करता येते, नसेल तर कागदावर लिहून बेडवर ठेवा, चालतं. प्रायव्हसी हवी असेल तर खुशाल ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा, तो तुमचा हक्क आहे, त्याला पाण्याचं कारण जोडायची गरज नाही. गळती दिसली तर रूम नंबरसकट सांगा आणि ऑनलाइन रिव्ह्यूत पण लिहा, रिव्ह्यू वाचून मेंटेनन्सचा माणूस लवकर येतो असा माझा अनुभव आहे. एकाच रात्रीचा मुक्काम असेल तर या कार्डाचा प्रश्नच येत नाही कारण तुम्ही गेल्यावर सगळं बदलणारच आहेत, तिथे फक्त शॉवर लवकर बंद करणं तुमच्या हातात आहे.

आणि पॉइंट्सचं म्हणाल तर मी ते घेणं बंद केलंय. ते पॉइंट्स कुणाच्या तरी कापलेल्या तासांतून येतात हे एकदा समजल्यावर मला ते नकोसे झाले. चेकआऊटच्या फॉर्मवर मी आता एकच प्रश्न लिहून येते, की कार्डामुळे लाँड्रीत वाचलेलं पाणी तुम्ही मोजता का आणि न उघडलेल्या रूमचे तास हाऊसकीपिंगला भरून देता का. एका मॅनेजरने फोन करून उत्तर दिलं, पहिल्याचं हो आणि दुसऱ्याचं अजून नाही. त्या हॉटेलला मी तीन दिलेत.